विकास आराखड्यावर हरकत घ्यायची तर नकाशावर बोट ठेवून (ठाणे, नवी मुंबई)

खाडीकाठ

शहरातल्या कुठल्या जागेवर काय होणार हे ठरवणारा नकाशा म्हणजे विकास आराखडा. ठाण्याचा सुधारित प्रारूप (मसुदा) विकास आराखडा ऑक्टोबर २०२४मध्ये प्रसिद्ध झाला, नवी मुंबईचा ऑगस्ट २०२२मध्ये. अशा वेळी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक तयार मजकूर फिरू लागतो. त्याखाली सह्या होतात आणि शेवटच्या दोन दिवसांत गठ्ठा पालिकेत जातो. मजकुरात बहुतेकदा 'हा आराखडा नागरिकांवर अन्याय करणारा आहे, रद्द करावा' एवढंच असतं. हे पत्र हातात आल्यावर नगररचनाकाराने नेमकं काय बदलायचं? कुठलं आरक्षण (मैदान, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा), कुठला सर्व्हे नंबर, रस्ता कुठून कुठे न्यायचा, यातलं काहीच त्यात नसतं. पत्राची नोंद होते आणि ते तिथेच राहतं.

हरकत म्हणजे दुरुस्तीची मागणी. ती नकाशाच्या भाषेत केली तरच नकाशा बदलतो. म्हणून हा धागा. ज्यांना विषय माहीत आहे त्यांनी भर घालावी, फक्त बोलणं कामाचं ठेवूया.

आधी टप्पे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यात क्रम असा आहे. कलम २३खाली पालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते, तेव्हाही सूचना मागवल्या जातात. कलम २५खाली पाहणी होऊन विद्यमान भूवापर नकाशा, म्हणजे आज कुठल्या जागेवर काय आहे याचा नकाशा, तयार होतो. कलम २६खाली प्रारूप प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना घेतल्या जातात. कलम २८खाली नियोजन समिती सुनावणी घेते. कलम ३०खाली योजना शासनाकडे जाते आणि ३१खाली मंजूर होते. वीस वर्षांतून किमान एकदा फेरउजळणी करायची, हे कलम ३८.

लोक जागे होतात ते २६ला. माझ्या मते खरी जागा २५ची आहे. भूवापर नकाशात जे चुकतं ते पुढे प्रारूपात आरक्षण किंवा रस्ता होऊन उतरतं. पोरं रोज खेळतात ते मैदान पाहणीत 'मोकळी जागा' म्हणून नोंदलं गेलं की नियोजनकाराच्या टेबलावर तो रिकामा भूखंड असतो. त्यावर तो काहीही सुचवू शकतो, आणि त्यात त्याची चूक नसते. तिथे शाळा उभी आहे, पण नकाशात निवासी रंग लागलाय; विहीर आहे, पण दाखवलेलीच नाही. या दुरुस्त्या भूवापर नकाशाच्या वेळी एका पत्राने होतात. तीच गोष्ट प्रारूप आल्यावर करायची तर सुनावणीला उभं राहावं लागतं.

आणखी एक. प्रारूपासोबत फक्त रंगीत नकाशा नसतो. पाहणीचा अहवाल, तरतुदी समजावणारा अहवाल, नियमावली, अंमलबजावणीच्या टप्प्यांचा अहवाल आणि भूसंपादन व कामांच्या खर्चाचा ढोबळ अंदाज, हे सगळं लोकांना पाहायला आणि वाजवी किमतीत विकत मिळायला हवं. कलम २६मध्येच तसं लिहिलंय. खर्चाचा अंदाज कुणीच मागत नाही. तो मागा. समजा, अंदाज दहा हजार कोटींचा आहे आणि पालिका भूसंपादनावर वर्षाला शंभर कोटी ठेवते, तर शंभर वर्षं लागतील. मग टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा समावेशक आरक्षणातून (मालक काही भाग पालिकेला देतो आणि उरलेल्यावर स्वतः बांधतो) किती जागा मिळणार धरल्यात, हा पुढचा प्रश्न लेखी विचारता येतो.

सेक्टर_सतरा

चांगला धागा. प्रश्न नवी मुंबईचा आहे. इथे पत्र द्यायचं कुणाला? जमीन सिडकोची (नवी मुंबई वसवणारं शासकीय महामंडळ), रस्ते पालिकेचे, कारखाने एमआयडीसीत. लोक तिन्ही ठिकाणी एकच पत्र टाकतात.

बेलापूर_किल्ला

@सेक्टर_सतरा, एकच पत्र तिन्हीकडे टाकलं तर कुणीच जबाबदारी घेत नाही. आधी आपली जागा कुठल्या नियोजन प्राधिकरणात, म्हणजे आराखडा करणाऱ्या कुठल्या संस्थेच्या हद्दीत, येते ते पाहा.

सिडको मार्च १९७०मध्ये स्थापन झाली आणि नवी मुंबईची पहिली विकास योजना १९७९मध्ये मंजूर झाली. महापालिका आली १ जानेवारी १९९२ला. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात आता नियोजन प्राधिकरण पालिका आहे, म्हणून प्रारूपावरची हरकत पालिकेलाच. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी औद्योगिक पट्टा मात्र पालिकेच्या हद्दीत असूनही नियोजनापुरता एमआयडीसीकडे आहे. तिथल्या भूखंडावर उद्यान मागून पालिकेच्या आराखड्यात काही होणार नाही. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतात. ही पालिका ऑक्टोबर २०१६मध्ये झाली. उलवे, द्रोणागिरी सिडकोकडे. नैनाचा, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतालचा, भाग जानेवारी २०१३पासून सिडकोकडे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून आहे आणि तिथे नगररचना परियोजना (जमिनी एकत्र करून, नव्याने आखून मालकांना परत वाटण्याच्या योजना) वेगळ्या चालतात, त्यांची हरकतींची पद्धतही वेगळी.

आता नवी मुंबईतली खरी गाठ. ठाण्यात आरक्षण सहसा खासगी मालकाच्या जमिनीवर पडतं. नवी मुंबईत मोकळे भूखंड बहुतांश सिडकोच्या मालकीचे. म्हणजे पालिका आरक्षण टाकणार आणि जमीनमालक सिडको तो भूखंड विकायला काढणार, असा पेच कायम राहतो. म्हणून इथल्या हरकतीत सेक्टर आणि भूखंड क्रमांकाबरोबर आणखी तीन गोष्टी लिहा: भूखंडाची आजची स्थिती, त्याचं वाटप झालंय का, आणि सिडकोच्या मूळ नोडल (एकेका उपनगराच्या) आराखड्यात तो कशासाठी ठेवला होता. मूळ आराखड्यात 'शाळा' किंवा 'खेळाचं मैदान' होतं आणि पुढे वापर बदलला, असं दाखवता आलं तर सूचनेला आधार मिळतो. वाटपाची स्थिती माहिती अधिकारात विचारा. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, म्हणून अर्ज हरकतींची मुदत सुरू व्हायच्या आधी टाकलेला बरा.

नकाशावाचक

नकाशा कसा वाचायचा, यावर थोडं सविस्तर लिहितो. सगळ्यात जास्त हरकती इथेच कमकुवत पडतात.

प्रथम पत्रकाचा, म्हणजे नकाशाच्या त्या पानाचा, स्केल बघा. समजा १:४००० आहे. कागदावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ४ मीटर. १५ मीटरचा रस्ता कागदावर पावणेचार मिलिमीटरचा दिसतो. आरक्षणाची हद्द काढलेली रेघच अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर ती एकटी २ मीटर जागा खाते. म्हणून 'प्रस्तावित रस्ता आमच्या इमारतीचा दीड मीटर भाग कापतो' असं नुसत्या छापील पत्रकावरून ठासून लिहू नका. समोरचा अधिकारी स्केलपट्टी ठेवेल आणि हरकत तिथेच ढिली पडेल.

मग नेमकं कसं सांगायचं? दोन वाटा आहेत. एक, पालिकेकडून त्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशाचा तेवढा तुकडा) रीतसर घ्या. झोन दाखल्यात (जमीन कुठल्या विभागात येते याचा दाखला) फक्त शब्द असतात: 'निवासी विभाग, अंशतः रस्त्याने बाधित'. किती बाधित, कुठून, ते भाग नकाशावर दिसतं. त्याच्याशेजारी मोजणी नकाशा किंवा मालमत्ता पत्रकासोबतचा सिटी सर्व्हेचा नकाशा ठेवा.

दुसरी वाट क्यूजीआयएसची. हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पत्रकाची पीडीएफ चित्रात बदला, ती जिओरेफरन्स करा (प्रत्यक्ष अक्षांश-रेखांशांवर बसवा) आणि उपग्रह चित्रावर ठेवा. कमीत कमी सहा ते आठ नियंत्रण बिंदू (पत्रकावर आणि उपग्रह चित्रावर, दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा) घ्या आणि ते पत्रकाच्या चारही कोपऱ्यांकडे पसरलेले असू द्या. सगळे बिंदू मधोमध घेतले तर कडेचा भाग सरकतो. बिंदू म्हणून जुने चौक, रेल्वेवरचे पूल, नाल्यावरचे मोऱ्यांचे पूल चांगले. उंच इमारतीचा कोपरा घेऊ नका, कारण उपग्रह चित्रात इमारत एका बाजूला कललेली दिसते आणि गच्चीचा कोपरा पायापासून काही मीटर दूर पडतो. शेवटी सॉफ्टवेअर सरासरी चूक दाखवतं. ती पाच मीटर आली, तर पाच मीटरच्या आतला कुठलाही दावा करू नका, आणि ही चूक हरकतीत स्वतःहून लिहा. त्याने पत्राचं वजन वाढतं.

सर्व्हे नंबरच्या हद्दी महाभूनकाशा संकेतस्थळावर मिळतात. पण त्या हद्दी आणि आराखड्याचा मूळ नकाशा यांत तफावत असू शकते. पोटहिस्से पडलेल्या जमिनीत तर हमखास. सातबाऱ्यावर ४५/२/अ आहे आणि नकाशावर नुसता ४५ लिहिलाय, असं दिसलं तर दोन्ही नमूद करा.

रस्त्यांसाठी वेगळी तपासणी. प्रस्तावित रस्ता बोटाने शेवटपर्यंत चालून बघा. तो कुठल्या तरी रुंद रस्त्याला मिळतो का? पत्रकाच्या कडेला येऊन थांबला असेल, तर शेजारच्या पत्रकावर पुढे आहे का? १८ मीटरचा रस्ता नाल्यापाशी येऊन पलीकडे ९ मीटरचा झाला, किंवा पत्रक बदलल्यावर जागच्या जागी सरकला, अशा चुका डोळ्यांनी सापडतात. आणि त्या मान्य होण्याची शक्यताही जास्त, कारण त्यात कुणाचं हितसंबंधाचं भांडण नसतं.

मासुंदा

@खाडीकाठ, आमच्या संकुलात पाचशेच्या वर सदनिका आहेत. पाचशे जणांनी वेगवेगळी पत्रं द्यावीत की सगळ्यांच्या सह्यांचं एक? संख्येने फरक पडतो का?

खाडीकाठ

फरक पडतो, पण लोकांना वाटतो तसा नाही. एकाच मजकुराची पाचशे पत्रं आली की छाननीत ती एका विषयाखाली एकत्र होतात, शेरा सगळ्यांना एकच. संख्येचा उपयोग बाहेर, म्हणजे वर्तमानपत्रात आणि लोकप्रतिनिधींकडे. समितीपुढे मात्र मुद्द्यांची विविधता लागते. तुमच्या संकुलाजवळून रस्ता जात असेल तर एक पत्र रुंदीवर, एक नाल्याच्या पाण्यावर, एक शाळेच्या फाटकावर, एक पर्यायी आखणीवर, अशी चार-पाच वेगळी पत्रं काढा आणि प्रत्येकाखाली शंभर सह्या घ्या.

एका पत्रात एकच विषय. तीन आरक्षणं आणि दोन रस्ते एका पत्रात कोंबले, तर छाननी करणारा ते पहिल्या विषयाखाली टाकतो आणि बाकीचे हरवतात.

पत्रात काय हवं:

नोटिशीचा संदर्भ आणि राजपत्राची तारीख. सेक्टर किंवा पत्रक क्रमांक. आरक्षण क्रमांक किंवा रस्त्याची रुंदी आणि दोन टोकं. गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर. जागेवर आज काय आहे. प्रारूपात काय दाखवलंय. कारण. आणि मग सगळ्यात महत्त्वाची ओळ, म्हणजे मागणी: 'आरक्षण क्र. अमुकची उत्तरेकडील हद्द सोबतच्या नकाशातील लाल रेषेप्रमाणे दुरुस्त करावी.' ही ओळ अशी लिहा की समितीला ती जशीच्या तशी उचलून शिफारशीत टाकता यावी.

शेवटी 'मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी' हे वाक्य विसरू नका. मागितली नसेल तर बोलावतील याची खात्री नाही. सोबत भाग नकाशा, तारीख लिहिलेले दोन-तीन फोटो, आणि असल्यास मोजणीची प्रत. पत्र सहायक संचालक, नगररचना यांच्या कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. ईमेल केलं तरी कागद द्याच.

मुदत नोटिशीत लिहिलेलीच धरा. ती राजपत्रातल्या प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजतात. वर्तमानपत्रात जाहिरात आली तो दिवस वेगळा असू शकतो. यात चार दिवसांची गल्लत होते आणि तेच चार दिवस शेवटी कमी पडतात.

आणि हो, हरकत घ्यायला जमीनमालक असावं लागत नाही. भाड्याने राहणारा, दुकान चालवणारा, रोज त्या रस्त्याने जाणारा कुणीही ती घेऊ शकतो.

पारसिक_डोंगर

यात एक मोठी उणीव राहते, ती सांगतो. लोक फक्त विरोध लिहितात. चांगल्या आरक्षणाला समर्थन कुणीच लिहीत नाही.

समजा एका भूखंडावर मैदानाचं आरक्षण पडलं. मालक वकील आणि वास्तुविशारद घेऊन 'आरक्षण वगळावं' अशी व्यवस्थित हरकत देणारच, तो त्याचा हक्क आहे. आजूबाजूच्या दहा हजार लोकांना मैदान हवंय, पण ते तर आराखड्यात आहेच म्हणून गप्प. समितीसमोर फाइल येते तेव्हा त्यात एकच बाजू असते, आणि समिती फाइलवर असलेल्या कागदांवरून ठरवते. 'आरक्षण क्र. अमुक कायम ठेवावे' ही सूचना सुद्धा तितक्याच तपशिलाने द्या: अर्ध्या किलोमीटरच्या आत दुसरं मैदान नाही, शाळा किती आहेत, त्यांच्या आवारात खेळायला जागा किती. समितीचे हात त्यानेच बळकट होतात.

मंजुरीनंतर पुन्हा झोपायचं नाही. कलम १२७ बघा. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीपासून चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं आणि जमीन मोकळी. आधी ही मुदत बारा महिन्यांची होती. ठाण्याची आधीची योजना १९९९च्या अखेरीस अमलात आली, म्हणजे दहा वर्षं २००९लाच भरली. तेव्हापासून त्यातलं न घेतलेलं प्रत्येक आरक्षण नोटिशीच्या टप्प्यात होतं. म्हणून दर वर्षी माहिती अधिकारात एक तक्ता मागा: आरक्षण क्रमांक, क्षेत्र, ताब्यात आलेलं क्षेत्र, टीडीआर दिला का, १२७ची नोटीस आली का, आली तर कधी. आपल्या प्रभाग समितीपुरता मागितला तर लवकर मिळतो. नोटीस आल्याचं कळलं की चोवीस महिने चालू झालेत, आणि अंदाजपत्रकात तरतूद करून घ्यायला दोन आर्थिक वर्षं हातात आहेत.

उपवन

सगळं मान्य, पण निर्णय शेवटी मंत्रालयात होतो. वीस-पंचवीस दिवस राबून लिहिलेल्या हरकतीवर 'अमान्य' असा एका शब्दाचा शेरा येतो. सामान्य माणसाने एवढी मेहनत का घ्यावी?

बेलापूर_किल्ला

@उपवन, तुमची चीड रास्त आहे. पण दोन उदाहरणं बघा. मुंबईच्या २०३४च्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५मध्ये आला. त्यावर हजारोंनी हरकती गेल्या. बऱ्याच हरकतींत चुका जागेनिशी दाखवल्या होत्या: उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते, वारसा यादीतल्या पण नकाशात चुकीच्या दाखवलेल्या वास्तू. एप्रिल २०१५मध्ये मुख्यमंत्र्यांनी त्या मसुद्याची फेरतपासणी करायला लावली, सुधारित मसुदा २०१६मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला आणि २०१८मध्ये मंजुरी मिळाली. पुण्यात जुन्या हद्दीच्या २०१३च्या प्रारूपावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. पुढे शासनाने तो आराखडा आपल्या हाती घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडून तपासून घेतला. प्रत्येकाची मागणी मान्य झाली नाही, पण चुका तशाच मंजूर करून टाकणं अवघड झालं.

एका शब्दाच्या शेऱ्याबद्दल: नियोजन समितीचा अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. त्यात हरकत क्रमांक, थोडक्यात मुद्दा आणि शिफारस असा तक्ता असतो. 'अमान्य' लिहिलंय आणि कारण नाही, तर कलम ३१च्या टप्प्यावर शासनाला लिहायला तोच तुमचा पहिला मुद्दा.

कोपरी_पूल

मोकळ्या जागांचं गणित कसं तपासायचं, ते लिहितो. अहवालात 'दरडोई इतके चौरस मीटर मोकळी जागा' असा आकडा असतो. केंद्राच्या २०१४च्या नागरी नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत तो दरडोई १० ते १२ चौ.मी. सुचवलाय.

नवी मुंबईची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या ११,२०,५४७. दरडोई १० चौ.मी. धरले तर साधारण १,१२० हेक्टर, म्हणजे ११.२ चौ.कि.मी. पालिकेचं क्षेत्र सुमारे १०९ चौ.कि.मी. आहे, म्हणजे दर दहा भागांतला एक भाग निव्वळ मोकळा हवा. तोही तेव्हाच्या लोकसंख्येला. ठाण्याची तेव्हाची लोकसंख्या १८,४१,४८८. म्हणजे १,८४० हेक्टर. २०११नंतर जनगणना झालेली नाही, त्यामुळे आराखड्यातली पुढची सगळी लोकसंख्या अंदाजाची आहे. अंदाज कुठल्या पद्धतीने काढला ते अहवालात शोधा. लक्ष्यवर्षाची (आराखडा ज्या वर्षापर्यंतचा आहे त्या वर्षाची) लोकसंख्या कमी धरली की दरडोई आकडा आपोआप चांगला दिसतो.

मग बेरजेत काय काय धरलंय ते पाहा. तिवरं, खाडीपात्र, तलावाचं पाणी, रस्त्याचे दुभाजक, शाळांची बंद मैदानं, क्लबच्या जागा. यांतलं प्रत्येक मोलाचं आहे, पण रविवारी सकाळी चेंडू घेऊन जाता येईल अशी ती जागा नव्हे. हे वेगळं काढून उरलेली बेरीज हरकतीत मांडा. पूर्ण शहराची जमली नाही तर एका प्रभाग समितीची करा. नौपाड्याची आणि माजिवडा-मानपाड्याची शेजारी शेजारी मांडली की फरक कुणालाही समजेल.

दिवाळे_बंदर

गावठाण आणि कोळीवाड्यांबद्दल कुणी तरी लिहायलाच हवं. दिवाळे, सारसोळे, चेंदणी कोळीवाडा, अशा ठिकाणी विकास आराखड्यात एक हद्द काढून आत 'गावठाण' लिहिलेलं असतं. जुनी हद्द तेवढीच, घरं मात्र कधीच बाहेर गेलेली. त्या घरांवरून रस्ता किंवा आरक्षण दाखवलं जातं, कारण नकाशावर ती जागा रिकामी.

घरांपेक्षाही जास्त विसरल्या जातात त्या कामाच्या जागा. मासळी वाळवायचा ओटा, जाळी सुकवायची आणि विणायची जागा, होडी ओढून ठेवायचा काठ, बर्फ उतरवायची जागा. यांचा सातबारा कोळ्यांच्या नावावर नसतो, म्हणून पाहणीत ती सरकारी पडीक ठरते. सीआरझेडच्या (किनारपट्टी संरक्षणाच्या) नियमांत मच्छीमार गावं, त्यांच्या सामाईक जागा आणि मासळी सुकवण्याच्या जागा नकाशावर दाखवायची तरतूद आहे. तिचा हवाला देऊन पत्रात लिहा.

पुरावा असा गोळा करा: भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी त्याच जागेचा फोटो, मोबाइलवर चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, लांबी-रुंदी टेपने मोजून, पावसाळा सोडून वर्षात किती महिने वापर, किती कुटुंबं. गुगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात, त्यात होड्यांची रांग दिसते. पाच वेगवेगळ्या वर्षांची चित्रं जोडली की 'अतिक्रमण नुकतंच झालंय' हा मुद्दा उरत नाही. ग्रामस्थ मंडळ आणि मच्छीमार सोसायटी, दोघांच्या लेटरहेडवर वेगवेगळी पत्रं द्या. आयाबहिणी विक्रीला बसतात ती बाजाराची जागाही यादीत असू द्या, ती पुरुषांच्या बैठकीत राहून जाते.

धारण_तलाव

नवी मुंबईत पाण्याचा मुद्दा प्रत्येक हरकतीला लावता येतो, कारण शहराचा बराच भाग खाडीत भराव घालून झालाय आणि मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की खाडीकडची झडपं बंद होतात, शहराचं पाणी या तलावांत थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई ज्याला लोक फिरायची जागा म्हणतात, तो मुळात धारण तलाव आहे. बऱ्याच तलावांत गाळ साचला, त्यावर तिवरं उगवली. आता गाळ काढायचा तर तिवरं तोडण्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. साठवण घटली, पाऊस तोच.

त्यामुळे खाडीलगत नवा निवासी विभाग किंवा भराव दिसला, की हरकतीत हे प्रश्न घाला: हे पाणी कुठल्या धारण तलावात जातं, त्याची मूळ साठवण किती, आजची किती, नवीन बांधकामाने वाढणारं पाणी धरलंय का. २०२२च्या प्रारूपात नेरुळकडच्या पाणथळ जागा बांधकामयोग्य विभागात दाखवल्याच्या हरकती गेल्या होत्या. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५मध्ये अधिसूचित झालं, क्षेत्र १६.९०५ चौ.कि.मी., आणि २०२२मध्ये ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. भरतीला अभयारण्यातला चिखल पाण्याखाली जातो तेव्हा फ्लेमिंगो या आतल्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. अभयारण्याची हद्द सांभाळून या जागा बुजवल्या तर पक्ष्यांना भरतीच्या वेळी उतरायला जागाच उरत नाही. हे कारण एका परिच्छेदात, नकाशासह लिहा. 'निसर्ग वाचवा' असं लिहून उपयोग नाही.

मासुंदा

सुनावणीला काय होतं? किती वेळ मिळतो?

खाडीकाठ

फार थोडा. काही मिनिटंच मिळतील असं धरून तयारी करा. कलम २८च्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चारपर्यंत तज्ज्ञ असतात. समोर हजारो हरकतींची यादी असते. तुमचा क्रमांक पुकारला की हरकत क्रमांक आणि आरक्षण क्रमांक आधी सांगा, म्हणजे ते योग्य पत्रक उघडतील. नंतर ए-३ आकाराचा रंगीत नकाशा टेबलावर ठेवा, त्यावर आजची स्थिती, प्रारूपातला प्रस्ताव आणि तुमची मागणी अशा तीन वेगळ्या रंगांच्या रेषा. समितीतल्या प्रत्येकाला एक, म्हणून सात-आठ प्रती न्या. मग मागणीची ओळ वाचा. इतिहास विचारला तरच सांगा.

हमखास येणारा प्रश्न: 'इथून काढलं तर कुठे टाकायचं?' याचं उत्तर तयार नसेल तर हरकत तिथेच संपते. पर्यायी जागा सुचवताना ती कुणाची आहे, तिथे काय आहे, हे स्वतः जाऊन बघून या. आपल्या अंगावरचा रस्ता शेजारच्या चाळीवर ढकलणारा पर्याय देऊ नका. तिथले लोकही त्याच सुनावणीला बसलेले असतात, आणि त्यांचं म्हणणंही तितकंच खरं असतं. त्यांच्याशी आधी बोलून दोघांनी मिळून एक आखणी दिली, तर समितीला ती नाकारणं जड जातं.

नवीन मुद्दे तोंडी मांडले तर लेखी टिपण त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.

सेक्टर_सतरा

अहवाल इंग्रजीत असेल तर? गावातल्या बऱ्याच लोकांना तो वाचता येत नाही.

बेलापूर_किल्ला

मराठीत मागा, तोही लेखी. स्थानिक प्राधिकरणांचं कामकाज मराठीत असावं, यासाठी राज्याने २०२२मध्ये वेगळा राजभाषा अधिनियम केलाय, त्याचा उल्लेख करा. मराठी प्रत उशिरा मिळाली तर तेवढे दिवस मुदत वाढवून मागायलाही कारण मिळतं.

पारसिक_डोंगर

मंजुरीनंतरच्या दोन संधी राहिल्या, तेवढ्या सांगून टाकतो.

पहिली वगळलेल्या भागाची. शासन योजना मंजूर करताना स्वतः भरीव फेरबदल सुचवतं, तेव्हा तेवढा भाग मंजुरीतून वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. त्यालाच सगळे 'ई.पी.' (एक्सक्लुडेड पार्ट) म्हणतात. ठाण्याच्या आधीच्या योजनेत मुख्य मंजुरी १९९९ची आणि वगळलेल्या भागाची २००३ची होती. मुदत साधारण महिन्याची असते. सुनावणी शासनाने नेमलेला अधिकारी घेतो, इकडच्या भागासाठी बहुधा बेलापूरच्या कोकण भवनातलं नगररचना सहसंचालकांचं कार्यालय. प्रारूपात नव्हतंच असं काही तिथे येऊ शकतं, म्हणून 'आमची हरकत मान्य झाली' म्हणून निश्चिंत राहू नका. मंजुरीच्या अधिसूचनेची परिशिष्टं ओळ न ओळ वाचा.

दुसरी कलम ३७ची. मंजूर योजनेतला एकेक फेरबदल: मैदान निवासी करणं, रस्त्याची रुंदी बदलणं. यात एका महिन्यात हरकत द्यावी लागते आणि नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन बोटांची असते. ती राजपत्राच्या भाग एक, कोकण विभागीय पुरवणीत येते आणि शासनाच्या ई-राजपत्र संकेतस्थळावर मिळते.

मासुंदा

ती पुरवणी कुणी बघायची? एकट्याने दर आठवड्याला होणार नाही.

पारसिक_डोंगर

दोघांनी आळीपाळीने बघा, एक आठवडा एकाने, पुढचा दुसऱ्याने. शोधताना शहराचं नाव घालून थांबू नका, मौजे (महसुली) गावांची नावं घाला: बाळकुम, कोलशेत, ओवळे, कावेसर, माजिवडे, तुमच्याकडे जी असतील ती. अधिसूचनेत 'मौजे' आणि सर्व्हे नंबर असतो. संकुलाचं नाव कधीच नसतं. म्हणून आपली इमारत कुठल्या मौज्यात आणि कुठल्या सर्व्हे नंबरवर उभी आहे, ते आजच मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढून सोसायटीच्या फळ्यावर लिहून ठेवा.